गांधीलमाशीचा दंश : लेप कोठवर?

पावसाळा सरला की पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या वळचणीला आणि पुढे द्राक्षमणी पिकू लागताच मळ्यांत गांधीलमाश्या हमखास दिसतात. दंश झालेला रुग्ण बहुधा प्रथम आपल्याच चिकित्सालयात वा औषधी दुकानात येतो. मधमाशीप्रमाणे ही माशी नांगी त्वचेत सोडून जात नाही. एकच माशी अनेकदा डसते. स्थानिक दाह-शोथापुरते शीत जल व चंदन-उशीराचा लेप पुरे, असे आम्हांस वाटते.

मात्र चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २३व्या अध्यायात मक्षिकादंशात दाहाबरोबर मूर्च्छा व ज्वरही सांगितले असून, त्यांतील स्थगिका प्राणहर म्हटली आहे. अंगभर पित्त उठणे, घसा आवळणे, श्वास लागणे, घेरी येणे यांपैकी काहीही दिसताच लेप उगाळीत बसू नये. १०८ क्रमांकास त्वरित कळवावे. रुग्णास आडवे निजवावे, श्वास लागत असल्यास बसते ठेवावे. मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच तेथे पहिला उपाय होय. अशा रुग्णास पुढील दंशही घातक ठरू शकतो. केसपेपरवर तशी ठळक नोंद हवीच.

पोळे दिवसा काठीने पाडू नये. पेटविणे तर नकोच. येण्याजाण्याच्या वाटेवर नसल्यास ते राहू द्यावे. पिकांवरील अळ्याच या माश्या आपल्या पिलांना भरवितात.