‘लावणी झाली की बघू’

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांत जन्मतःच हृदयाचा दोष घेऊन आलेलं मूल पुष्कळदा आधी वजनकाट्यावर सापडतं, स्टेथोस्कोप नंतर लागतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं आणि वाढीच्या तक्त्यावर एखाद्या बाळाची रेघ दोन-तीन महिने जागची हलत नाही. अंगणवाडी ताई त्याचं नाव मॅमच्या (मध्यम कुपोषित) नाहीतर सॅमच्या (तीव्र कुपोषित) यादीत घालतात, पोषण आहार सुरू होतो, बाळाच्या आईला चार शब्द ऐकावे लागतात. आई मात्र वेगळंच सांगत असते. बाळ दूध ओढायला लागलं की दोन मिनिटांत दमतं, सोडून देतं, पुन्हा ओढतं. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम येतो. छाती सारखी भरते. नुसत्या कुपोषणाची ही लक्षणं नव्हेत. हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असलं की जादा रक्त फुप्फुसांकडे जातं, बाळाला प्रत्येक श्वासासाठी कष्ट पडतात आणि पोटात गेलेलं अन्न त्या कष्टांतच खर्ची पडतं. अशा बाळाला कितीही खाऊ घाला, वजन वाढणार नाही. सॅमच्या यादीतल्या प्रत्येक मुलाची छाती नीट ऐकली गेलीच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी दोन लाखांच्या आसपास अशी बाळं जन्मतात असा अंदाज आहे आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. काही छिद्रं आपोआप बुजतात, काही वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. पण ओठ-नखं निळी पडणारं, रडता रडता काळंनिळं होणारं, चार पावलं चालून उकिडवं बसणारं मूल थांबू शकत नाही. त्या आजाराचं नाव ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’. त्यावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1944 च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. आज तो दोष पूर्ण दुरुस्त करता येतो आणि अशी मुलं मोठी होऊन संसार करतात. उपाय सापडून इतकी वर्षं झाली, तरी गरीब देशांतल्या बहुसंख्य मुलांपर्यंत तो पोचलेला नाही.

ही दरी बुजवायला जगभरातून स्वयंसेवी पथकं पुढे आली. त्यांची वाटचाल मुद्दाम पाहण्यासारखी आहे. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात सुरू झालेली ‘चिल्ड्रन्स हार्टलिंक’ आधी परदेशातल्या मुलांना विमानाने तिकडे नेत असे. रोटरीच्या ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ची सुरुवातही 1975 मध्ये युगांडातल्या एका मुलीला न्यूयॉर्कला नेऊन झाली. एका मुलाला नेण्या-आणण्याच्या खर्चात किती मुलं मागे राहतात हे लवकरच कळलं, म्हणून उलट प्रवास सुरू झाला : डॉक्टरच मुलांकडे जाऊ लागले. 1993 मध्ये डॉ. विल्यम नोविक यांनी मेम्फिसमध्ये स्थापन केलेल्या संस्थेने कितीतरी देशांत पथकं नेली. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉ. संजीव निचाणी यांच्या ‘हीलिंग लिटल हार्ट्स’ची पथकं आठवडाभराच्या रजा काढून भारतात येऊ लागली.

आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सर्जन. पण त्याच्याबरोबर भूलतज्ज्ञ लागतो, हृदय थांबवलेलं असताना रक्ताभिसरण चालू ठेवणारं यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट लागतो, यंत्रं दुरुस्त करणारा अभियंता लागतो आणि सगळ्यांत जास्त संख्येने लागतात त्या अतिदक्षता विभागातल्या परिचारिका. टाके घालून झाले की मुलाची खरी परीक्षा सुरू होते. रात्री तीन वाजता रक्तदाब घसरला, लघवी कमी झाली, तर ते तत्काळ ओळखणारे डोळे परिचारिकेचेच. म्हणूनच जाणतं पथक परतीच्या आदल्या दिवशी अवघड शस्त्रक्रिया ठेवत नाही. पथक विमानात बसल्यावर मूल बिघडलं तर त्याच्याजवळ कोण, हा प्रश्न विचारायला ते अनुभवातून शिकलेलं असतं. हार्टलिंकसारख्या संस्था यातूनच पुढच्या टप्प्यावर आल्या. मुलं नेणं थांबलं, आठवड्याची धावती मोहीमही मागे पडली, आणि एकाच रुग्णालयाशी वर्षानुवर्षं जोडून घेऊन तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना तयार करणं हे मुख्य काम झालं. माझ्या लेखी स्वयंसेवेची सर्वांत मोठी झेप हीच, कारण इथे पाहुणा स्वतःची गरज संपवायला येतो.

आपल्याकडे आता परदेशी पथकाची वाट पाहावी लागत नाही. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर पूर्णपणे मोफत शस्त्रक्रिया होतात. तिथे पैसे भरायची खिडकीच नाही. या कामाशी सुनील गावस्कर जोडलेले आहेत. आपल्या शतकांच्या संख्येइतक्या मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलायचा, हा त्यांचा संकल्प क्रिकेटवेड्या महाराष्ट्राने शतकांइतकाच लक्षात ठेवायला हवा. याच संस्थेच्या परिवाराने 2022 मध्ये फिजीत, सुवा इथे मुलांचं हृदय रुग्णालय उघडलं आणि तिथे भारतातले डॉक्टर जाऊन शस्त्रक्रिया करतात. एकेकाळी पथकं घेणारा देश आता पथकं पाठवतो.

मग वेल्ह्याचं मूल मागे का राहतं?

शोधायची यंत्रणा कागदावर उत्तम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये, 2013 च्या फेब्रुवारीत झाली. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीने फिरतं. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा तपासतं. संशय आला तर मूल भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून पुण्याला टूडी इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी. शस्त्रक्रियेचा खर्च शासन, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा धर्मादाय संस्था उचलतात.

पण हा भातशेतीचा मुलूख आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, तरी पानशेतच्या जलाशयामागच्या धनगरवाड्यांत आणि कातकरी वस्त्यांत पाऊस लागला की बाहेर पडणं आजही दिव्य आहे. इकोची तारीख जूनअखेरची मिळाली तर घरातून उत्तर येतं, ‘लावणी झाली की बघू’. यात हलगर्जीपणा मुळीच नाही. लावणीचे ते पंधरा-वीस दिवस हुकले तर वर्षाचा भात गेला. मूल खारघरला न्यायचं तर आई-बाप दोघांनाही निघावं लागतं. मागे जनावरांना वैरण कोण घालणार, धाकट्याला कोण सांभाळणार, दोन आठवड्यांची मजुरी बुडाली तर उसनवारी कुणाकडून करायची? ‘फुकट’ या शब्दात यातलं काहीच बसत नाही. शिवाय भीती. आजीला कळतं ते एवढंच, की नातवाची छाती उघडणार. अशा घरात शस्त्रक्रिया होऊन आलेलं शेजारच्या गावातलं पोर नेऊन उभं केलं, त्याने सदरा वर करून व्रण दाखवला, की सगळी पत्रकं एका बाजूला पडतात. आशाताई हे बरोबर ओळखतात. त्यांच्या या कामाला मानधनात वेगळी जागा असायला हवी.

दुसरी उणीव जन्माच्या दिवसाची. काही गंभीर दोष पहिल्या आठवड्यातच जीव घेतात. सहा महिन्यांनी येणारं पथक त्यांना कसं गाठणार? जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. प्राणवायू 95 टक्क्यांच्या खाली असला, किंवा हातापायांत तीन टक्क्यांहून जास्त फरक पुन्हा पुन्हा दिसला, तर बाळाला लगेच पुढे पाठवायचं. कोविडमध्ये हे यंत्र गावोगावी पोचलं. तान्ह्या बाळाच्या पायाला बसणारा त्याचा पट्टा आणि तो लावायची सवय तेवढी बाकी आहे. आशाताईंच्या नवजात बाळांच्या घरभेटींची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवली आणि ती देशाने उचलली. त्याच भेटींत ‘दूध ओढताना दमतं का?’ हा एक प्रश्न आवर्जून विचारायला जादा पैसा लागत नाही.

केरळने 2017 मध्ये ‘हृद्यम्’ सुरू करून हे सगळे दुवे जोडले. निदान झालं की मुलाची नोंद संगणकावर होते, तातडीनुसार क्रम लागतो, रुग्णालय ठरतं आणि शस्त्रक्रियेनंतरही पाठपुरावा होतो. मूल यंत्रणेच्या नजरेआड होऊ नये, हा त्यातला गाभा. आपल्याकडे योजना अनेक आहेत, पण एका फाईलवरून दुसऱ्या फाईलवर जाताना मूल हरवतं.

शस्त्रक्रियेनंतरचं तर कुणी फारसं बोलतच नाही. छातीचं हाड जुळेपर्यंत सहा आठवडे मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही, डोक्या-मानेखाली आणि कमरेखाली हात घेऊन उचलायचं. दात किडू द्यायचे नाहीत, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांवर बसू शकतात. ठरल्या वेळी इको करायचा. हे घरी येऊन समजावणारं माणूस लागतं.

2013 साली अंगणवाडीत सापडलेल्या आणि शस्त्रक्रिया होऊन वाचलेल्या मुलांतली थोरली आता अठराच्या उंबरठ्यावर आहेत. कार्यक्रमाची वयोमर्यादाही तिथेच संपते. त्यांतल्या मुलींची उद्या लग्नं होतील, बाळंतपणं येतील. गरोदरपणात हृदयावर ताण वाढतो आणि लहानपणी दुरुस्त केलेल्या हृदयाची तेव्हा पुन्हा तपासणी लागते. भोरच्या रुग्णालयात वर्षातून एक दिवस, भातकापणी उरकल्यावर, या सगळ्या मुलामुलींना जुन्या कागदांसकट बोलावून पुण्याच्या हृदयतज्ज्ञांकडून इको करून घेता येईल. त्यासाठी पुण्याहून भोरला यायला तयार असलेलं एक पथक आणि नावं लिहिलेली एक वही पुरे. त्या वहीत पहिली नावं घालायला तालुक्यातल्या आशाताई आजही सांगू शकतील, कोणत्या वाडीत कुणाच्या छातीवर तो व्रण आहे.