मागासलेपण स्वभावात की जमिनीच्या हक्कात?

एखादा मुलूख दरिद्री राहिला, म्हणजे तेथील माणसेच आळशी, असा निवाडा आपण फार लवकर देतो, आणि गोव्यातील डिचोली-पेडणे तालुक्यांच्या वाट्याला हा बोल अनेकदा आला आहे. तो सर्वथा अन्यायाचा आहे. डिचोलीतील लाटंबार्शाच्या कुळाने कष्टात कधी कसूर केली नाही; परंतु ज्याने चिखलात उभे राहून भात लावायचे, पीक आले की भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, खंड मोजायचा आणि उद्या बेदखल होण्याची धास्ती मनात बाळगायची, त्याने शेताला पक्का बांध कोणाच्या भरवशावर घालावा? अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ब्रिटिश हिंदुस्थानातील जमीनदारी आणि रयतवारी जिल्ह्यांची तुलना केली, तेव्हा जमीनदारी नष्ट झाल्यानंतरही त्या जिल्ह्यांत शेतीतील गुंतवणूक, उत्पन्न आणि शिक्षण मागेच राहिल्याचे आढळले. गोवा त्या अभ्यासात नव्हता. पण प्रश्न आपलाही आहे.

दुसरा गैरसमज असा की, साऱ्या गोव्यावर पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षे एकसारखी सत्ता होती. तिसवाडी 1510 मध्ये त्यांच्या हाती गेली हे खरे. मात्र डिचोली व पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि 1780 च्या दशकात पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, सामील झाले. सत्ता बदलली तरी इनामदार-मोकासदारांचे वर्चस्व बव्हंशी तसेच राहिले. म्हणून ‘पोर्तुगीज वारसा’ या एकाच शब्दाने सासष्टी आणि पेडणे यांचा उलगडा होत नाही.

जमिनीच्या पोटात खनिज असले की गाव समृद्ध होतो, हीही अशीच एक समजूत. 2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्टे रद्दबातल ठरविले, आणि केवळ खाणीच्या ट्रकवर संसार चालविणाऱ्या डिचोलीकरांना या समृद्धीचा पाया किती कच्चा होता ते कळून चुकले.

मग इतिहास हीच ललाटरेषा काय? नव्हे. पेडण्यातच जन्मलेल्या दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गोवामुक्तीनंतर गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या व 1964 चा कूळ कायदा आणला. 1975 मध्ये भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा झाला. आणि कूळ कायद्याच्या 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकी दिली. 1961 मध्ये तीस टक्क्यांच्या आसपास असलेली गोव्याची साक्षरता 2011 मध्ये 88 टक्क्यांवर गेली. माणसे तीच होती, माती तीच होती; बदलले ते कायदे आणि शाळा.

तथापि कायदा पुस्तकात असणे निराळे आणि कुळाचे नाव जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर चढणे निराळे. कूळ-मुंडकारांचे दावे मामलेदार कचेऱ्यांत आजही पडून आहेत; ज्यांच्या घरी असा दावा आहे त्यांनी तो सोडून देऊ नये, आणि सरकारने त्यांचा निकाल मुदत बांधून लावावा.