बंगला दिसतो, मालक दिसत नाही : सातबाऱ्यापासून माहितीपटापर्यंत

नेत्यांच्या लपवलेल्या संपत्तीवरच्या माहितीपटांबद्दल लोणावळ्यात बोलायचं, तर आधी तळेगाव दाभाड्याला जावं लागतं. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी तिथं सतीश शेट्टी फिरायला निघाले होते. हल्ला झाला आणि त्यात ते गेले. द्रुतगती मार्गालगतच्या मावळातल्या जमिनींचे कागद ते माहिती अधिकारात काढत. बनावट कागदांवर जमिनी घेतल्याची तक्रार त्यांनी २००९ मध्ये केली होती, पोलिस संरक्षणही मागितलं होतं. तपास सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये पुराव्याअभावी तो बंद करण्याचा अहवाल आला.

शेट्टींनी फिल्म काढली नाही. पण गाजलेले माहितीपट उभे राहतात ते याच कामावर. अलेक्सी नवाल्नी यांच्या गटानं जानेवारी २०२१ मध्ये रशियातल्या काळ्या समुद्राकाठच्या राजवाड्यावर फिल्म काढली. तो पुतिन यांचा असल्याचा तिचा दावा. पुतिन यांनी तो नाकारला. लोकांच्या लक्षात राहिली ड्रोनची दृश्यं. फिल्मचा कणा मात्र होता कंपन्यांच्या नोंदी आणि पैशांचा माग. बंगला दाखवणं सोपं असतं. तो कुणाच्या पैशाचा, हे दाखवणं अवघड.

आपल्याकडे हा माग कसा काढतात? समजा, पवना धरणाच्या काठावर एक मोठा बंगला आहे. गट नंबर घ्यायचा आणि सातबारा काढायचा. त्यावर आजचा मालक कळतो. ही जमीन त्याच्याकडे खरेदीनं आली, वारसानं आली की बक्षीसपत्रानं, ते फेरफार सांगतो. दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टूवर घेणारा, देणारा, तारीख आणि मोबदला असतो. घेणारी कंपनी असेल, तर तिचे संचालक कंपनी मंत्रालयाच्या नोंदीत सापडतात. शेवटी ही नावं उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राशी ताडून बघायची. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालामुळं उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता जाहीर करावी लागते.

आता खरी मेख इथं आहे. जमीन भाच्याच्या किंवा ड्रायव्हरच्या नावावर असेल, तर प्रतिज्ञापत्रात ती येणारच नाही. भाच्याकडे एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न आपण विचारू शकतो; पण उत्तर असतं बँकेच्या खात्यात, आणि ते उघडण्याचा अधिकार तपास यंत्रणेला. म्हणून चांगला माहितीपट आपला कागद कुठं संपतो, हे प्रेक्षकाला स्पष्ट सांगतो. त्यापुढं जाऊन निकाल देतो तो प्रचारपट.

आणि नोंदी उघड्या असतील तरच हे सगळं शक्य आहे. नवाल्नींच्या गटानं २०१५ मध्ये रशियाच्या महाअभियोक्त्यांच्या मुलांवर फिल्म काढली. पुढच्याच वर्षी सरकारी मालमत्ता नोंदीतून त्या मुलांची नावं गेली आणि त्या जागी निरर्थक अक्षरं आली!

म्हणून आमचं सांगणं एवढंच : कागद काढायचे तर शिक्क्याची नक्कल घ्या, तारीख टाका, आणि एकट्यानं काढू नका. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण त्यानंतर वर्षानुवर्षं तो लागूच केला गेला नाही. एकाच माणसाच्या पिशवीतले कागद त्या माणसाबरोबर संपवता येतात. पंचवीस घरांत असलेले संपवता येत नाहीत. फिल्म त्यानंतरची गोष्ट.