प्रभुमंदिरातील वीज : श्रद्धेचा आणि हिशेबाचा विषय

परमगुरू पोप फ्रान्सिस ह्यांनी २४ मे २०१५ रोजी ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रावर स्वाक्षरी केली. पृथ्वी हे आपले सामायिक घर आहे, हा त्या पत्राचा गाभा. त्याच्या २११ व्या परिच्छेदात, गरज नसलेले दिवे मालवणे ह्यासारख्या लहान कृतींनाही त्यांनी ख्रिस्ती सदाचरणात स्थान दिले आहे. गरिबीचे व्रत घेतलेल्या मठांना आणि भाविकांच्या दानावर चालणाऱ्या धर्मग्रामांना हा उपदेश अधिकच लागू पडतो.

व्हॅटिकनने स्वतःपासून आरंभ केला. परमगुरू बेनेडिक्ट सोळावे ह्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २००८ मध्ये, सहावे पॉल सभागृहाच्या छपरावरील सुमारे २,४०० सौर पॅनेल कार्यान्वित झाले. २०१४ साली सिस्टाईन चॅपेलमध्ये एलईडी दिवे आले. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘फ्रातेल्लो सोले’, म्हणजे ‘बंधू सूर्य’, ह्या पत्राद्वारे रोमजवळील सांता मारिया दी गॅलेरिया येथे सौर प्रकल्प उभारण्याची आज्ञा दिली. व्हॅटिकनची विजेची सर्व गरज त्यातून भागावी, असा त्यामागील हेतू आहे.

आपल्या धर्मग्रामात मात्र सौर पॅनेल ही पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी म्हणजे वीजबिल वाचणे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे बिलावर केवळ रक्कम पाहून सही केली आहे, हे प्रांजळपणे कबूल करावे लागेल. मागील महिन्यांचा वापरही बिलावर छापलेला असतो. मंदिर, शाळा, कॉन्व्हेंट आणि धर्मगुरुनिवास ह्यांचे आकडे शेजारी मांडले, की गळती कोठे आहे ते आपोआप दिसू लागते.

दुसरी पायरी पंख्यांची. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो; नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढेच काम करतो. मंदिरात ४० पंखे दररोज पाच तास चालतात असे धरले, तर दिवसाला ९ आणि वर्षाला सुमारे ३,३०० युनिटांची बचत होते. जुन्या ट्यूबलाईटला चोकसह पन्नासेक वॅट लागतात, एलईडी ट्यूबला सुमारे २०. सर्व पंखे एकाच वेळी बदलण्याची ऐपत नसेल, तर सर्वाधिक तास चालणारे आधी बदलावेत. लोक बसले आहेत तेवढ्याच रांगांवरचे पंखे चालावेत, अशी बटणांची विभागणी केली तर रोजच्या मिस्सेला मोठा फरक पडतो.

तिसरी पायरी इमारतीची. आपल्या पूर्वजांनी जाड भिंती, उंच छत व समोरासमोर खिडक्या असलेली मंदिरे बांधली ती हौसेखातर नव्हे. तापलेली हवा वर जाते, उंच झरोक्यांतून बाहेर पडते आणि खालून गार हवा आत येते. नूतनीकरणात आपण झरोके बुजवतो, खाली फॉल्स सीलिंग लावतो, आणि मग उकाड्याची तक्रार करून वातानुकूलनाची मागणी करतो! आधी झरोके मोकळे करावेत, काँक्रीटच्या गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा, भोवती झाडे लावावीत. वृद्ध व आजारी भाविकांना उन्हाळा खरोखर असह्य होतो. त्यांची काळजी घेणे हे कर्तव्यच आहे. वातानुकूलन अटळ ठरले, तर तापमान २४ अंशांवर ठेवावे.

सौर ऊर्जा ही चौथी पायरी. गरज आधी घटवली, की लहान संच पुरतो. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूर्य दुपारी तळपतो, तेव्हा मंदिर बहुधा रिकामे असते आणि शाळा भरलेली असते. म्हणून कौलारू मंदिरापेक्षा शाळेची सपाट गच्ची अधिक सोयीची. कॉन्व्हेंट व वसतिगृहांसाठी सौर पाणीतापक उपयुक्त ठरतात.

आपल्या देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून बनते. खाणींचा आणि धुराचा त्रास प्रथम गरिबांच्या वाट्याला येतो. शिवाय धर्मग्रामाचे बिल भरले जाते ते दानपेटीतून, आणि त्या पेटीत विधवेची दमडीही असते. वाचलेला प्रत्येक रुपया एखाद्या रुग्णाच्या औषधाला किंवा गरजू विद्यार्थ्याच्या फीला देता येईल.

धर्मग्राम मंडळाच्या येत्या सभेत बारा महिन्यांची वीजबिले टेबलावर ठेवावीत, एवढीच नम्र विनंती. मिस्सा संपल्यावर शेवटचा पंखा बंद करणारा हातदेखील प्रभूच्या निर्मितीची सेवाच करीत असतो.