शाळेची टक्केवारी वाढली, मुलाचं काय?

वाराणसी जिल्ह्यात पिंडरा, चिरईगाव, सेवापुरी अशा कुठल्याही विकासखंडातल्या सरकारी प्राथमिक शाळेत गेलात, तर 'निपुण' हा शब्द कानावर पडणारच. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे त्याचं उद्दिष्ट. उत्तर प्रदेशानं त्याची इयत्तावार लक्ष्यं ठरवली. दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलानं ६०. अध्यापक प्रशिक्षण संस्थेतले, म्हणजे डायटचे प्रशिक्षणार्थी मोबाइलमध्ये 'निपुण लक्ष्य' ॲप घेऊन येतात, एकेका मुलाला समोर बसवून तपासतात आणि पुरेशी मुलं लक्ष्यापर्यंत पोहोचलेली दिसली की शाळा 'निपुण' ठरते.

सरकारी शाळेतल्या मुलाला वाचता येतं का, हे शासनानं स्वतः विचारावं ही मोठी गोष्ट आहे. कित्येक वर्षं आपण फक्त पटसंख्या, खोल्या आणि पोषण आहार मोजत होतो. पण मुलाची वाढ मोजणं आणि शाळेला जाब विचारणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की गोंधळ सुरू होतो. तो वाराणसीत आहे, तसाच नांदेडात आणि रत्नागिरीतही आहे.

गैरसमज: निकाल चांगला ती शाळा चांगली

निकालाच्या आकड्यात शाळेनं दिलेलं असतं, तसंच मुलानं घरून आणलेलंही असतं. बनारसच्या आसपासच्या गावांतलं मूल घरी भोजपुरी बोलतं आणि शाळेत त्याला पुस्तकी हिंदी भेटते. विणकराच्या किंवा शेतमजुराच्या घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्यानं पुस्तक हातात धरलेलं असेलच असं नाही. शिकवणी लावू शकणाऱ्या घरातल्या मुलाची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते.

समजा, दोन शाळा आहेत आणि दोन्हींच्या तिसरीत वीस-वीस मुलं आहेत. पहिल्या शाळेत एप्रिलमध्ये, म्हणजे उत्तर प्रदेशात सत्र सुरू होतं तेव्हा, दोनच मुलं उतारा वाचत होती. पुढच्या मार्चमध्ये अकरा वाचू लागली. दुसऱ्या शाळेत पंधरा वाचत होती, ती सोळा झाली. जिल्ह्याच्या यादीत दुसरी शाळा वर राहील आणि तिचा सत्कार होईल. त्या वर्षी खरं शिकवणं मात्र पहिल्या शाळेत झालं. नुसती पातळी पाहिली तर हे दिसत नाही. ते दिसायला त्याच मुलाची आधीची नोंद लागते.

गैरसमज: 'असर' आणि 'परख' यांच्या अहवालांत मुलांची प्रगती मोजलेली असते

अहवाल आला की वर्तमानपत्रात 'मुलांची प्रगती' किंवा 'मुलांची अधोगती' असा मथळा येतो. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाचे देशपातळीवरचे आकडे पाहा. सरकारी शाळांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होतं, २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४. करोनानं केलेली हानी आणि नंतरची भरपाई त्यांत दिसते. पण २०१८ मध्ये तिसरीत असलेलं मूल २०२२ मध्ये सातवीत होतं. दर वेळी मोजली गेली ती वेगळीच मुलं. हे आकडे व्यवस्थेची तब्येत सांगतात, कुठल्याही एका मुलाची वाढ नाही.

'असर' फक्त ग्रामीण भागात, घरोघरी जाऊन होतं. त्यामुळे वाराणसी शहर त्यात येतच नाही. नमुनाही जिल्ह्याचं चित्र काढण्याइतकाच असतो, म्हणून त्यावरून एखाद्या शाळेला बोल लावता येत नाही.

सरकारी सर्वेक्षणाचं तसंच. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्रानं घेतलं, ते तिसरी, सहावी आणि नववीचं. २०२१ ची तिसरी २०२४ मध्ये सहावीत पोहोचली होती, म्हणून हे दोन आकडे जोडण्याचा मोह होतो. पण दोन्ही वेळचा नमुना वेगळा, आणि उत्तर प्रदेशात प्राथमिक शाळा पाचवीला संपते, म्हणजे सहावीतलं मूल बहुतेकदा दुसऱ्याच शाळेत असतं. मग वाढीचं श्रेय कोणाला द्यायचं?

असं असलं तरी 'असर'ची चाचणी शिक्षकांनी एकदा जवळून पाहावी. सुरुवातीला मुलाला पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा देतात. तो नीट वाचला तर पुढे दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळलं तर खाली उतरून सुटे शब्द: पाचांपैकी चार आले की मूल शब्दांच्या पातळीवर. तेही जमले नाहीत तर अक्षरं. मूल कुठे अडलंय ते काही मिनिटांत कळतं. त्याच मुलाला दर चार महिन्यांनी हाच कागद दाखवला आणि तारीख लिहून ठेवली, तर वाढीची नोंद गुरुजींच्या वहीतच तयार होते.

गैरसमज: 'निपुण' मुलांची टक्केवारी म्हणजेच वाढ

मिनिटाला ६० शब्द ही एक रेघ आहे. वर्षभरात शून्यावरून ४० शब्दांपर्यंत आलेलं मूल तिच्या खालीच राहतं आणि ५८ वरून ६१ वर गेलेलं मूल पार होतं. टक्केवारीत फक्त दुसऱ्याची गणना होते, मेहनत पहिल्यानं कितीतरी जास्त केलेली असली तरी.

याचा परिणाम वर्गावर होतो. डेरेक नील आणि डायान शान्झेनबाख या अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या शाळांचा अभ्यास करून २०१० मध्ये दाखवलं की उत्तीर्णतेच्या रेघेवर शाळांचा हिशेब मांडला गेला तेव्हा रेघेजवळच्या मुलांचे गुण वाढले, पण सगळ्यांत मागे असलेल्या मुलांना त्याचा फायदा झाला नाही. त्यात शिक्षकांचा दुष्टपणा नव्हता. जे मोजलं जाणार, तिकडे वेळ जातो. अक्षरांवर अडलेलं मूल या मार्चमध्ये रेघेपर्यंत येणार नाही हे गुरुजींना ठाऊक असतं, आणि साहेब मार्चचाच आकडा मागणार असतात. ज्या मुलासाठी अभियान काढलं, तेच मूल हिशेबाबाहेर राहतं. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे.

गैरसमज: वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक, वजाबाकी केली की वाढ

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं आणि पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन हे शब्द घरोघरी गेले. पण पायाभूत चाचणीत ४० आणि संकलितमध्ये ५५ गुण मिळाले म्हणजे मूल १५ गुणांनी वाढलं, असं म्हणता येत नाही. दुसरी प्रश्नपत्रिका सोपी असू शकते किंवा तिचा अभ्यासक्रमच वेगळा असतो. उंची आज फुटात मोजली आणि सहा महिन्यांनी वितीत, तर फरक काढायचा कशाचा? दोन चाचण्या एका मोजपट्टीवर आणायच्या तर दोन्हींत काही प्रश्न समान ठेवावे लागतात आणि त्यांवरून बाकीच्या प्रश्नांची काठिण्यपातळी जुळवावी लागते. हे काम किचकट आहे, पण त्याच्याशिवाय केलेली वजाबाकी निरर्थक आहे.

गैरसमज: वाढ मोजली की शिक्षकांची क्रमवारी लावता येते

हा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाला आहे. टेनेसी विद्यापीठातले विल्यम सँडर्स हे शेतीच्या आकडेवारीत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ. मुलाच्या आधीच्या गुणांवरून त्याची अपेक्षित वाढ काढायची आणि प्रत्यक्षात ती किती जास्त-कमी झाली ते पाहायचं, अशी पद्धत त्यांनी बसवली. १९९२ मध्ये टेनेसीनं ती कायद्यात घेतली. मूळ विचार न्याय्य होता: गरीब वस्तीतल्या शाळेला कमी निकालाबद्दल न झोडपता तिनं मुलांना किती पुढे नेलं ते पाहायचं.

बिघडलं ते हा आकडा एकेका शिक्षकाच्या नावापुढे लावून त्यावर नोकरीचे निर्णय होऊ लागले तेव्हा. अमेरिकी संख्याशास्त्र संघटनेनं २०१४ मध्ये निवेदन काढून सांगितलं की मुलांच्या गुणांमधल्या फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच दिसतो. ह्यूस्टनचे शिक्षक न्यायालयात गेले. सूत्र गुप्त असल्यामुळे आपला आकडा बरोबर की चूक हे आपल्याला तपासता येत नाही, हा त्यांचा मुद्दा न्यायाधीशांनी २०१७ मध्ये ग्राह्य धरला.

आपल्याकडे तर वर्गच लहान. तिसरीत बारा मुलं असतील तर एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. चाचणीच्या दिवशी दोन मुलं तापानं आली नाहीत, एक आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलं, की शाळेचा आकडा पंचवीस टक्क्यांनी हलतो. पुढच्या वर्षी ती मुलं असली की 'चमत्कारी सुधारणा'! अशा ठिकाणी निदान तीन वर्षांची नोंद एकत्र पाहिल्याशिवाय मत बनवू नये, आणि गैरहजर मुलं किती होती तेही आकड्याशेजारी छापावं.

गैरसमज: जितक्या चाचण्या, तितकी खरी माहिती

चाचणी घेणारा, तपासणारा आणि निकालावर जोखला जाणारा माणूस एकच असेल तर आकडा फुगतो. मध्य प्रदेशातल्या सरकारी चाचणीची पडताळणी अर्थतज्ज्ञ अभिजीत सिंह यांनी केली. त्याच मुलांना तेच प्रश्न स्वतंत्र माणसांनी पुन्हा विचारले, तेव्हा सरकारदरबारी नोंदलेले गुण खूपच फुगवलेले निघाले. महाराष्ट्रात नियतकालिक चाचणीच्या उत्तरपत्रिका वर्गशिक्षकच तपासतात आणि गुण ऑनलाइन भरतात. शिकवण्यासाठी हे योग्यच आहे, कारण गुरुजींना मुलाची चूक डोळ्यांनी दिसते. त्याच गुणांवर शाळेला जाब विचारणं मात्र अयोग्य आहे. डायटचे प्रशिक्षणार्थी पाठवून उत्तर प्रदेशानं तपासणी शाळेबाहेरच्या हातात दिली, हे मला योग्य वाटतं. फक्त तेच मूल पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं गेलं पाहिजे. युडायस या सरकारी शालेय नोंदणी-प्रणालीत आता मुलागणिक नोंद होते, त्यामुळे हे अशक्य राहिलेलं नाही.

गैरसमज: निकाल पालकांना सांगितला की शाळा आपोआप सुधारते

याचं उत्तर वाराणसीला लागून असलेल्या जौनपूर जिल्ह्यात मिळालं. मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या 'प्रथम'बरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये तिथल्या २८० गावांत प्रयोग केला. सुरुवातीच्या पाहणीत ७ ते १४ वयाच्या फक्त ३९ टक्के मुलांना पहिलीच्या पातळीची गोष्ट वाचून समजत होती. गावात शिक्षण समिती आहे हे बहुसंख्य पालकांना माहीत नव्हतं, आणि समितीच्या सुमारे पाव सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं.

काही गावांत बैठका घेऊन समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय गावकऱ्यांनाच मुलांना तपासायला शिकवलं आणि गावाचं प्रगतिपुस्तक तयार करून घेतलं. शाळेत काहीच फरक पडला नाही: पालकांचा सहभाग वाढला नाही, शिक्षकांचे प्रयत्नही नाहीत. तिसऱ्या गटातल्या गावांत मात्र स्वयंसेवक तरुणांना वाचन शिकवायची साधी पद्धत दिली आणि त्यांनी वाचनवर्ग चालवले. या गावांतली ८ टक्केच मुलं वर्गाला आली, पण जी आली त्यांचं वाचन ठळकपणे सुधारलं. मोजण्याला शिकवण्याची जोड मिळाली तिथेच फळ आलं.

तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. टक्केवारी विचारू नका. गेल्या वर्षी दुसरीत अक्षरांवर अडलेली मुलं कोणती, त्यांतली आज शब्दांपर्यंत किती आली, ती तपासली कोणी, आणि जी अजून तिथेच आहेत त्यांना रोज किती वेळ शिकवलं जातं, एवढं विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.