राजाचा चेहरा आणि राजाची गादी

सिंदखेडराजात जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीपुढे उभं राहिलं की मान आपोआप वर जाते, इतकी ती भव्य आहे. 1629 साली देवगिरीवर, निजामशहाच्या दरबारात, लखुजीराव मुला-नातवासकट मारले गेले. त्यांची आठवण या गावाने मूर्तीत नाही, बांधकामात जपली. राजाचा हुबेहूब चेहरा घडवणं हीच दरबारी कलेची उंची, असं मानणाऱ्याला इथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. मला ते पटत नाही. राजा दिसायचा कसा, यापेक्षा गादी शाबूत आहे हे सांगणं दरबारी कलेला जास्त महत्त्वाचं असतं.

याचा पुरावा हुबेहूब चेहऱ्यांसाठी जगभर गाजलेल्या गावातच सापडतो. नायजेरियातलं इफे हे योरुबा लोकांचं पवित्र गाव. तिथल्या राजाला ओनी म्हणतात. बाराव्या ते पंधराव्या शतकांत तिथे भाजक्या मातीची आणि पितळेची मस्तकं घडली. गळ्यावरच्या वळ्या, मिटलेले भरीव ओठ, काहींच्या गालांवरून उतरणाऱ्या बारीक उभ्या रेघा पाहिल्या की समोर जिवंत माणूस आहे असं वाटतं. पण चार मस्तकं शेजारी ठेवा, सगळी त्याच वयाची, तितकीच शांत. म्हातारा नाही, आजारी नाही. अनेक पितळी मस्तकांवर केसांच्या कडेने भोकांची ओळ आहे. खरा मुकुट अडकवून, राजा गेल्यावरही राजपद चालू असल्याचं दाखवायला ती मस्तकं असावीत, असं इफेच्या कलेचे अभ्यासक फ्रँक विलेट यांनी सुचवलं. त्याहून बोलका आहे इफेतल्याच ओबालारा इथला मातीचा घडा. त्याच्यावर कोरलेल्या देवघरात मधे माणसासारखं मस्तक आहे आणि दोन्ही बाजूंना नुसते शंकूसारखे आकार. म्हणजे हुबेहूब घडवता येत असूनही त्या कारागिरांनी साधा आकारही तेवढ्याच मानाने मांडला.

आपल्याकडे तसे हातच नव्हते, असं कुणी म्हणेल. पण जाधवांच्या काळातली मानली जाणारी सिंदखेडराजाची पुतळा बारव कोरीव पुतळ्यांनी सजलेली आहे, आणि 2024 मध्ये या समाधीजवळच्या उत्खननात निघालेली त्याहून जुनी शेषशायी विष्णूची मूर्ती तर अप्रतिम आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी सिमुक, सातकर्णी, नागनिका यांचे पुतळे कोरवलेच होते की! खरं आहे. पण प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर नाव कोरावं लागलं. ओळख चेहऱ्यावर सोडलेली नव्हती. आज त्या पुतळ्यांची पावलं तेवढी उरली आहेत, आणि तरीही कोण कुठे उभं होतं ते वरच्या नावांवरून कळतं.