दारावरचा पहारा

पूर्वीं अनिष्ट पुस्तक घरांत यावयाचें, तर तें कोणाच्या तरी हातून येई. आणि दुकानदारहि गिऱ्हाइकाचें वय पाहून तें देई किंवा न देई. आतां तें मुलाच्या हातांतील मोबाईलमध्येंच असतें. 'माझें वय अठरा वर्षांहून अधिक आहे' एवढें बटण दाबलें कीं पुष्कळ संकेतस्थळांचें दार उघडतें. आणि तें बटण बारा वर्षांच्या मुलासहि दाबतां येतें.

ह्या दारावर खरा पहारा बसविण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्यें झाला आहे. २०१७ सालीं तेथील पार्लमेंटानें तसा कायदा केला. परंतु अंमलबजावणी लांबत जाऊन २०१९ सालीं सरकारनें ती योजना सोडून दिली. पुढें २०२३ सालीं 'ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट' संमत झाला, आणि २५ जुलै २०२५ पासून अश्लील चित्रफिती दाखविणाऱ्या संकेतस्थळांवर येणाऱ्याचें वय खात्रीनें पडताळण्याचें बंधन आलें. देखरेख 'ऑफकॉम' ह्या संस्थेकडे आहे. कसूर करणाऱ्या कंपनीस १ कोटि ८० लक्ष पौंड, अथवा तिच्या जगभरांतील उत्पन्नाचा दहावा हिस्सा, ह्यांपैकीं अधिक असेल त्या रकमेपर्यंत दंड होऊं शकतो. पासपोर्टाचें छायाचित्र, क्रेडिट कार्ड, किंवा चेहरा पाहून यंत्रानें केलेला वयाचा अंदाज, असे पडताळणीचे मार्ग आहेत.

येथेंच खरी अडचण उभी राहते. दुकानदार चेहरा पाहतो व विसरून जातो. यंत्राच्या स्वाधीन केलेला कागद मात्र कोठें राहील, ह्याची शाश्वती नसते. ऑक्टोबर २०२५ मध्यें 'डिस्कॉर्ड' ह्या कंपनीनें जाहीर केलें कीं, तिच्यासाठीं काम करणाऱ्या एका बाहेरील संस्थेकडून सुमारें ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचीं छायाचित्रें परक्यांच्या हातीं गेलीं असावींत. तीं वयाविषयींच्या तक्रारी तपासण्यासाठींच घेतलेलीं होतीं! शिवाय कायदा अंमलांत येतांच आपलें ठिकाण लपविणारीं 'व्हीपीएन' साधनें ब्रिटनमध्यें झपाट्यानें खपूं लागलीं. पुढल्या दारीं पहारा बसला, तों मागलें दार उघडलें.

म्हणून कायदाच नको, असें म्हणणें योग्य होणार नाहीं. नकळत त्या दारापाशीं पोंचणाऱ्या लहान मुलास तो खचितच अडवील. मात्र कायद्यानें 'अठरा पुरीं झालीं कीं नाहीं' एवढेंच विचारावें. नांव विचारूं नये, आणि उत्तर मिळतांच कागद नष्ट करावा.

परंतु हट्टानें मागलें दार शोधणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचें काय? त्याच्याशीं बोलणें हें आईबापांचेंच काम आहे, आणि आपल्या घरांतून नेमकें ह्याच विषयावर मौन असतें. जें पडद्यावर दिसतें तो पैशासाठीं रचलेला देखावा आहे. खऱ्या स्त्री-पुरुषांचें प्रेम, त्यांतील लाज, संमति व आदर तसा नसतो, हें मुलानें प्रथम कोणाकडून ऐकावें? तें आपण न सांगितल्यास सांगावयास दुसरे पुष्कळ टपलेले आहेत. प्रसंग अवघड आहे खरा; पण तो कोणत्याहि पार्लमेंटाच्या गळ्यांत घालतां येण्यासारखा नाहीं.